चौसष्ट सेकंद

तिसऱ्या वर्षाला आम्हाला एक नवा विषय लागला: वाइड एरिया नेटवर्किंग आणि दूरसंचार यांची ओळख. नव्वदचं दशक संपत आलं होतं. विंचूरच्या आमच्या गल्लीत तेव्हा एकाच घरी फोन होता आणि तोही त्यांनी कुलूप लावून ठेवलेला असायचा. मी मात्र नाशिकला कॉलेजात बसून एका गावचा कम्प्युटर दुसऱ्या गावच्या कम्प्युटरशी तारेवरून कसा बोलतो हे शिकत होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी तिथल्या द्वारका चौकाजवळ आत्याकडे राहायचे आणि पहिल्या बाकावर बसायचे, कारण इंग्रजी नीट ऐकू आलं तरच थोडंफार समजायचं.

त्या विषयाची सहा प्रात्यक्षिकं होती. चौथं मोडेमचं. मोडेम म्हणजे कम्प्युटरमधले अंक टेलिफोनच्या तारेवरून जातील अशा आवाजात बदलणारी पेटी. एक पेटी प्रयोगशाळेत, दुसरी ग्रंथालयात, मधे कॉलेजच्या अंतर्गत फोनची तार. इकडून साठ हजार अक्षरांची फाइल पाठवायची, किती सेकंद लागले ते मोजायचं आणि त्यावरून वेग काढायचा.

हे प्रत्यक्षात कोणी करत नसे. जुन्या मुलांकडून एक जर्नल वर्गात आलेलं होतं, पानं मऊ पडलेली, कव्हर दोनदा बदललेलं. एकजण वाचायचा आणि बाकीचे लिहायचे. आकृती, तक्ता, निष्कर्ष, सगळं स्वल्पविरामासकट उतरायचं. चौथ्या प्रात्यक्षिकात वेळ होता पन्नास सेकंद. दरवर्षी पन्नास.

ज्या दिवशी वर्गाने ते उतरवलं त्या दिवशी मी तापाने आत्याकडे पडून होते. बरी होऊन आले तोवर जर्नल दुसऱ्या तुकडीकडे गेलेलं. माझ्या बाकावरची मैत्रीण पेठ तालुक्यातली होती, तीही घरातली पहिलीच कॉलेजात आलेली. ती म्हणाली, माझ्यातलं उतरव. पण मला मोडेमचा आवाज कसा असतो ते ऐकायचं होतं. मी प्रयोगशाळेच्या शिपाईमामांना मोडेमचं कपाट उघडाल का विचारलं. किल्ली काढत ते म्हणाले, "मी इथं लागल्यापासून पुसून पुसून ठेवतोय. बरं झालं, कोणी तरी मागितले."

मैत्रीण ग्रंथालयात बसली, मी इकडे. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून स्टॉपवॉच आणलं. आधी ती चिरकी शिट्टी, मग खरखर, मग शांतता आणि पडद्यावर अक्षरं धावायला लागली. चौसष्ट सेकंद. पुन्हा केलं, पासष्ट. तिसऱ्यांदा चौसष्ट. मी तसंच लिहिलं.

प्रात्यक्षिकाच्या सरांनी माझ्या तक्त्यावर लाल फुली मारली. पन्नास यायला पाहिजे, म्हणाले. मी सांगितलं की तीनदा मोजलं. त्यांनी वर्गाकडे बघितलं.

"मोडेम काय विंचूरहून आणला होतास का? बैलगाडीतून?"

वर्ग हसला. मग ते म्हणाले की मराठी मीडियमच्या मुलांना घड्याळ बघायलाही आम्हीच शिकवायचं का, आणि वर्ग आणखी हसला. जर्नल परत देताना त्यांनी बजावलं, शनिवारपर्यंत दुरुस्त करून आण. जर्नलवर सही नाही म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षेला बसायचं नाही, आणि परीक्षा नाही म्हणजे वर्ष गेलं. माझं एक वर्ष वाया जाणं म्हणजे आत्याकडचा मुक्काम एक वर्ष वाढणं, आणि घरी 'पोरीला एवढं शिकवून काय उपयोग' हे पुन्हा ऐकणं.

सगळ्यांनी एकच सांगितलं: चौसष्ट खोड, पन्नास लिही, संपलं. मैत्रिणीनेही पन्नासच ठेवले होते. तिचा मला राग आला नाही. तिच्या घरची माणसं दर हंगामाला कामाला बाहेर जायची, वर्ष घालवणं तिला परवडणारच नव्हतं.

मला परवडणारं होतं असंही नाही. पण मी चूक आहे हे मला कोणी तरी समजावून द्यायला हवं होतं, आणि कोणी समजावत नव्हतं. म्हणून मीच पुस्तक घेऊन बसले. शेजारी शब्दकोश. इंग्रजी भरभर वाचता येत नसे, एकेक ओळ तीनदा वाचावी लागे. त्यामुळेच मला ती ओळ दिसली, भरभर वाचणाऱ्यांच्या नजरेतून निसटली असणार. एक अक्षर म्हणजे आठ बिट हे खरं. पण तारेवरून पाठवताना प्रत्येक अक्षराच्या आधी एक बिट 'आता सुरू' म्हणून जातो आणि नंतर एक 'संपलं' म्हणून. म्हणजे आठ नाही, दहा. आमच्या मोडेमच्या सेकंदाला नऊ हजार सहाशे बिट या वेगाने साठ हजार अक्षरांना साडेबासष्ट सेकंद लागणारच, वरचे एक-दोन घड्याळ सुरू-बंद करण्यातले. पन्नास येऊच शकत नाहीत. कोणी तरी, कधी तरी, मोडेमला हात न लावता कागदावर भागाकार केला होता, तोही आठच बिट धरून, चुकीचा, आणि तेव्हापासून सगळे तो उतरवत होते.

गुरुवारी नाना, म्हणजे माझे वडील, आत्याकडे आले. ते कांद्याच्या बाजारात मापाडी होते, मालाचं वजन करायचे. मी त्यांना सगळं सांगितलं. मोडेम त्यांना कळला नाही, बाकीचं कळलं.

"तू सोता मोजलं ना?"

"तीनदा."

"मंग इचारते काय? काट्यापाशी एका अंगाला शेतकरी उभा ऱ्हातो, एका अंगाला व्यापारी. दोघं बी माझ्या तोंडाकडं बघत्यात. मी काटा बघतो, आकडा मोठ्यानं बोलतो अन् पुढच्या गाडीकडं जातो."

आणि वर्ष गेलं तर, असं मी विचारलं. ते म्हणाले, गेलं तर गेलं, मी बघीन.

शनिवारी मी जर्नल घेऊन गेले. फुली मारलेल्या तक्त्याखाली तोच तक्ता पुन्हा लिहिला होता, चौसष्ट, पासष्ट, चौसष्ट, आणि त्याखाली दहा बिटांचं गणित. सरांनी पान न वाचताच जर्नल बाजूला सरकवलं. मी म्हटलं, तुमच्यासमोर करून दाखवते. त्यांना वेळ नव्हता. मग मी स्टाफरूमसमोरच्या बाकावर बसले. ते तासाला गेले, आले, चहा प्यायले, पुन्हा गेले. येता-जाता बाकीचे सर माझ्याकडे बघायचे. लाज वाटत होती, पण उठले नाही. दुपार टळल्यावर ते बाहेर आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, चल.

मामांनी कपाट उघडलं. ग्रंथालयातल्या टोकाला मामा स्वतः जाऊन बसले. स्टॉपवॉच सरांच्या हातात. चौसष्ट. त्यांनी जोडण्या तपासल्या, वेगाची सेटिंग तपासली, पुन्हा पाठवायला लावलं. पासष्ट. तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलंच नाही. खुर्चीत बसून माझं गणित वाचलं, सावकाश, बोट ठेवून.

"मी पण उतरवलेलंच होतं," ते म्हणाले.

त्यांनी खिशातून पेन काढलं. तेव्हा मला एवढं हलकं वाटलं की डोळे भरून आले. पण सही करायच्या आधी ते थांबले. बाकीच्यांची जर्नलं तपासून, सही करून झाली आहेत, म्हणाले. तेव्हा हे वर्गात बोलायचं नाही. तुझं काम झालं ना, मग संपलं.

त्या कॉलेजचे माझ्यावर उपकार आहेत. पुढे मला जी नोकरी मिळाली, जे घर उभं राहिलं, त्याची सुरुवात तिथली, आणि ते मी कुठेही सांगते. पण त्या क्षणी मला बाजारातल्या काट्यापाशी उभे असलेले माझे वडील दिसले आणि मान डोलवता आली नाही.

"मी आपण होऊन सांगणार नाही, सर. पण कोणी विचारलं तर चौसष्टच सांगीन."

पेन कागदावर टेकलेलं होतं. शाईचा एक ठिपका पडला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागाने की आणखी कशाने, मला आजही सांगता येणार नाही. मग सही केली, तारीख घातली आणि जर्नल माझ्या हातात न देता टेबलावर ठेवून निघून गेले.

सोमवारी वर्गात शिरले तर मैत्रिणीने मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, सही मिळाली का, आणि किती लिहिलेस शेवटी?

मी सांगितलं. मग पन्नास का नाही, असं कोणी तरी विचारलं, तेव्हा फळ्याकडे गेले आणि एका अक्षराचे दहा चौकोन काढले.