बांधापाशी हळू

रेल्वेने ठाण्याच्या खाडीत प्रवासी आगबोट घातली आणि मी तिच्या सुकाणूवर लागलो. घोडबंदरहून माणसं घ्यायची आणि ठाण्याला आगगाडीच्या वेळेला पोचवायची, एवढंच काम. पण गाडी घड्याळावर चाले आणि खाडी भरती-ओहोटीवर, त्यामुळे आमचा जीव रोज टांगणीला. गाडी चुकली की स्टेशनातला साहेब सारंगाला, म्हणजे बोटीच्या मुख्याला, फैलावर घेई आणि सारंग तो राग माझ्यावर काढी.

त्यात तो मिठागरवाला म्हातारा. कोलशेतच्या समोर, पलीकडच्या काठाला त्याचं मिठागर होतं. भरतीला पाणी त्याच्या मातीच्या बांधाला टेके आणि आमच्या बोटीची लाट लागली की बांध ढासळे. म्हणून बोट दिसली की तो बांधावर उभा राहून पंचा हलवी आणि आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करी.

"हलू चालवा रं, मेल्यांनो! बांध फुटंल माजा!"

आम्ही बोट हळू करायचो. मला तो अगदी नकोसा झाला होता.

चैत्र सरत आला होता, बांधाआड मिठाच्या राशी लागल्या होत्या. त्या दुपारी घोडबंदरला एका बाईने आपल्या सुनेला डोलीतून बोटीवर आणलं. पोर अडली होती, सुइणीने हात टेकले होते. ठाण्याचा दवाखाना गाठण्यावाचून इलाज नव्हता. सासू रडत म्हणाली, "त्या मिठागरवाल्याची लेक हाय वो."

सारंगाने यंत्र जोरात सोडायला लावलं. पण वळणावर म्हातारा उभाच, पंचा हलवत. ऐन भरती होती. असेच गेलो असतो तर त्याचं वर्षभराचं मीठ गेलं असतं. सारंगाने बोट हळू केली. मला राहवेना. मी ओरडलो, "बाबा, तुमची लेक आहे बोटीवर! अडलीये! दवाखान्यात नेतोय!"

म्हाताऱ्याचा हात खाली आला. मग तोच पंचा तो ठाण्याच्या दिशेने जोरजोरात फिरवू लागला.

"मंग हलू कशाला करताव? पलवा! बोट पलवा!"

आम्ही पळवली. मागे वळून पाहिलं तर बांधाला खिंडार पडलं होतं आणि पाणी राशींमध्ये शिरत होतं. म्हातारा मिठाकडे पाठ करून आमच्याकडे बघत उभा होता.

संध्याकाळी ठाण्याहून बोट सुटायच्या आधी सासूचा निरोप आला. परतताना वळणावर म्हातारा गुडघाभर चिखलात बांध घालत होता. आम्हाला पाहून उभा राहिला. पंचा खांद्यावरच. नुसता आमच्या चेहऱ्यांकडे बघत राहिला.

"मुलगी झाली!" मी ओरडलो. "दोघी बऱ्या आहेत!"

तो मटकन चिखलात बसला आणि पंच्यात तोंड खुपसून रडला. मग उठला, नाक पुसलं.

"मंग बगताव काय, मेल्यांनो? हलू चालवा! बांध ओला हाय माजा!"

इतक्या आनंदाने शिव्या मी आयुष्यात कधी खाल्ल्या नाहीत.