सोललेली तुराटी

काल अमरावतीच्या बाजारात एक बाई तुरीच्या ओल्या झाडाच्या शेंगा तोडत बसली होती. तो हिरवा, तुरट वास नाकात शिरला आणि माझा उजवा हात शिवशिवला. या वयात! माझीच मला लाज वाटली.

तरुणपणी हिवरखेडजवळच्या शाळेत मी नवा मास्तर होतो. डीएडला ‘माझे शैक्षणिक तत्त्वज्ञान’ या निबंधात मुलांना फुलं म्हणून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. वर्गात मात्र माझं तत्त्वज्ञान एकच होतं: जो खाडा करेल, त्यानं मार खायची काठी घरूनच आणायची.

कापूसवेचणीत चार दिवस बुडवून सुनंदा आली, ती तुराटी, तुरीच्या झाडाची काठी, घेऊनच. साल काढलेली, गाठी तासलेली.

“सोलली काहून?” मी ओरडलो.

“तुमच्या हाताले रुतन म्हनून, सर.”

तिनं हात पुढे केला. बोंडांच्या वाळल्या टोकांनी बोटं आधीच फाटलेली होती, नखांशी रक्त सुकलं होतं. मला ते स्पष्ट दिसलं. तरी वर्ग बघत होता, म्हणून मी मारलं, सपासप, काठी मोडेपर्यंत. दर फटक्यानंतर ती हात पुन्हा नीट समोर धरत होती.

मोडलेलं टोक माझ्याच तळहातात रुतलं. सुनंदानं त्याच रक्ताळल्या बोटांनी ते हलकेच काढलं.

“लय दुखून राह्यलं का, सर?”

त्यानंतर मी छडी धरली नाही. लोक मला प्रेमळ मास्तर म्हणतात. प्रेमळ कसला! तसं पुन्हा कोणी विचारेल, याची भीती होती.