हातावरची अक्षरं

माझ्या खाटेजवळच्या बेसिनवर सिस्टर हात धुते, तेव्हा तिच्या हातावरची निळी अक्षरं पाण्याबरोबर वाहून जातात. पुढच्या पेशंटकडे जाण्याआधी ती खिशातलं पेन काढते आणि तीच अक्षरं पुन्हा लिहिते. सकाळपासून चार वेळा पाहिलं मी हे.

"काय लिहितेस गं एवढं?"

"अभ्यास, आजोबा. नर्सनं स्वतः पेशंट तपासायचा, असा पुढचा कोर्स आहे. उद्या परीक्षा."

"मग आज रजा नाही घेतलीस?"

"मागितली. म्हणाले, वॉर्ड कोण बघणार?"

माझी शाळा चौथीत सुटली. पण मास्तरांनी पाढे म्हणायला उभं केलं, की मधेच पाणी भरायला नव्हते पाठवत. हिला मात्र शिक म्हणायचं आणि वही उघडली की हाका मारायच्या, ही कुठली रीत?

मघाशी मोठे डॉक्टर राउंडला आले. माझ्या छातीत काय ऐकू आलं, असं त्यांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं. ती हातावरच्या अक्षरांत उत्तर शोधू लागली. "एवढंही येत नाही?" म्हणून ते पुढे गेले. अहो, बारा खाटांमागे एकटी धावणारीनं ऐकायचं कधी? माझं डोकंच फिरलं.

मी कुणाला सहज अंगाला हात लावू देत नाही. सुईवरून अख्ख्या वॉर्डाशी भांडलोय. पण ती पुन्हा हात धुवायला आली, तेव्हा मी सदऱ्याची बटणं काढून बसलो होतो.

"ये, ऐक सावकाश. कुणी बोलावलं तर सांग, म्हातारा सोडत नाही."