नाखविणीचा धोंडा

१९८४ साल. मी तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो, आणि त्या वर्षी पहिल्यांदा मी कुणाला डोंगराशी भांडताना पाहिलं. डोंगरावर नव्हे, डोंगराशी. नाखवीण कधी "दमले" असं म्हणायची नाही. चढ उभा झाला की थांबायची, कमरेवर हात ठेवायची आणि डोंगराच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. "मेल्या, दर वरसाला वाढतंस का रं? खायाला कोन घालतंय तुना?" एवढं बोलून होईस्तोवर तिचा श्वास जागेवर यायचा. मग पुढची चढण. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर भिजवलेल्या चुन्याची बादली, आणि दोन्ही हात मोकळे. माझी बायको सुमन मागून ओरडली, "मावशी, बादलीला एक हात तरी लावा!" तर म्हणे, "हात मोकले ऱ्हाऊ दे गो. भांडाया लागतान."

नाखवा म्हणजे होडीचा धनी. हिच्या घरात होडी होती ती दिराची. पण चालणं-बोलणं असं, की बाजाराने तिलाच नाखवीण करून टाकलं. ठाण्यात खोपटला एस.टी. डेपोच्या मागच्या गल्लीत माझं सलून होतं आणि समोरच्या कट्ट्यावर ती मासळी घेऊन बसायची. माझं शिक्षण चौथी. म्हणजे चौथीत बसलो एवढंच, उठलो नापास होऊन. पण वस्तरा हातात असला की मोठमोठे साहेब माझ्यासमोर मान वर करून गप्प बसत, याची मला घमेंड होती. आजही आहे. नाखविणीला तिची काडीची किंमत नव्हती.

सोमवारी आमची सलूनं बंद, आणि सोमवारी मासळीलाही गिऱ्हाईक नाही. म्हणजे सुट्टी दोघांना एकाच दिवशी. शिमगा झाल्यावरच्या सोमवारी मी पायरीवर उगाच बसलो होतो. ती बादली घेऊन चालली होती. म्हणाली, "आख्खा आठवडा लोकांचे डोक्यावर हात फिरवतंस, एक दिस डोंगराचे डोक्यावर चल. पन ऱ्हाऊ दे, तुज्यानं नाय व्हनार." शेवटचं ती बोलली नसती तर मी गेलो नसतो. सुमनला म्हटलं, चपला घाल.

कळव्याचा पूल चालत ओलांडायचा, वस्ती मागे टाकायची आणि पारसिकच्या डोंगराची एक सोंड खाडीकडे उतरते तिच्यावरून चढायचं. त्या दिवसांत गवत वाळून घसरडं झालेलं असतं. पळस पेटलेला, काटेसावरीखाली लाल फुलांचा सडा, करवंदं अजून हिरवी आणि आंबट. सुमन ओटीत करवंदं भरायची आणि नाखवीण ओरडायची, "लोनच्याला आलीस का डोंगराला?" वर एक सपाट जागा होती. तिथून अख्खी खाडी पायाखाली दिसायची. एका अंगाला ठाणं, दुसऱ्या अंगाला पाणी वळून मुंब्र्याकडून डोंबिवलीच्या कोपरपर्यंत गेलेलं, आणि त्यात रेतीच्या होड्या मुंग्यांसारख्या.

त्या जागेवर माणसाच्या उंचीचा एक धोंडा होता. शिमगा आणि पाडवा यांच्यामध्ये त्याला चुना द्यायचा, हे तिच्या सासरचं काम. भरती आली की खाडीत रोवलेले जाळ्याचे खुंट पाण्याखाली जातात, दिसत नाहीत. मग होडीतला माणूस वर बघतो. पांढरा धोंडा आणि काठावरचं देऊळ एका रेषेत आलं की समजायचं, जाळं खाली आहे. पुरुष पाण्यावर, म्हणून धोंडा बायकांकडे. तिच्या सासूने केलं, सासूच्या सासूने केलं. आता भावकीतल्या सुना येत नव्हत्या, म्हणून ही एकटी. बाजारातले टवाळ म्हणायचे, "नाखवीण डोंगराला चुना लावून आली!" ती म्हणायची, "तुमाला लावन्यापक्षी बरा."

पहिल्या वर्षी मी ब्रश घेतला तर तिने हिसकावला. "दाढीचा हाय काय? असा गोंजारू नको, मार!" दुसऱ्या वर्षीपासून खालचा अर्धा भाग माझा.

एकदा गंमत झाली. वर पोचलो तर धोंड्यावर पळसाची फुलं, चार आणे आणि विझलेली उदबत्ती. आदल्या रविवारी डोंबिवलीची फिरायला आलेली पोरं असणार. डोक्यावर टोप्या, पाठीवर पिशव्या, चांगल्या घरची. पांढरा धोंडा दिसला, केला नमस्कार. आपल्याकडे दुसरं काय होणार? नाखविणीने फुलं झाडाखाली नीट ठेवली, चार आणे सुमनच्या हातात दिले आणि धोंड्याला बजावलं, "शेफारू नको. तू धोंडा हायेस."

मग खाडी बिघडली. वरून आम्हाला स्पष्ट दिसायचं, कारखान्यांच्या बाजूने काळा पट्टा पाण्यात शिरायचा, आणि दर वसंतात तो लांब व्हायचा. मासळी गेली. दिराने होडी विकली. तिचे दोन्ही मुलगे कंपनीत लागले. नाखवीण भाऊच्या धक्क्यावरून मासळी आणून विकू लागली. मी म्हटलं, "मावशी, आता खाली बघणारं कोण आहे? कशाला चुना?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ज्यानी पानी काला केला, त्याला दिसंल ना? कलू दे त्याला, आमी अजून हाव."

नव्वद-एक्याण्णवला सोंडेच्या दुसऱ्या अंगाने दगडखाण सुरू झाली. सुरुंग लागायचे, पांढरी धूळ पळसावर बसायची. खाण दर वर्षी धोंड्याकडे सरकत होती. मग एका वर्षी वाटेवर तारा आणि तारांपाशी मुकादम. "मावशी, पुढे जायला मनाई आहे."

"कोनाची?"

"मालकाची."

"त्याचे बापाला इचार, तवा ही वाट कोनी पाडली. इचारून ये, मी बसतंय." आणि बसली. बादली डोक्यावरच. दुपार कलायला लागली तेव्हा मुकादमाने स्वतः तार वर धरली. त्यानंतर दर वर्षी तो तार धरायचा आणि ती खालून वाकून जाताना त्याला ऐकवायची, "अजून वर धर. म्हातारीची कंबर हाय, मांजरीची नाय."

तो मुकादम माणूस वाईट नव्हता. १९९५ साली त्याने आम्हाला बाजूला घेतलं. "मावशी, उद्या हा कडा उडवायचाय. धोंडाही जाईल. माझं ऐका, आज त्याला शेंदूर फासा. एक नारळ फोडा. मग माझा एक माणूस सुरुंग लावायला तयार होणार नाही, आणि मला वर सांगता येईल, देवस्थान आहे."

मी म्हटलं, झालं काम! आत्ता खाली जातो, शेंदूर घेऊन येतो. माझं आजही मत आहे की मुकादम शहाणपणाचं बोलला. त्यावरून आमचं तिथेच भांडण झालं.

"नाय," ती म्हणाली.

"अहो मावशी, धोंडा वाचेल!"

"धोंडा कुटं वाचंल? देव वाचंल. उद्या कोनाची तरी लेक येल, पोरासाठी नवस बोलंल. तिचा नवस कोन फेडंल, तू? दर्याला आमी नारल देताव, तो दर्या हाय म्हनून. यो मी रंगवलेला. मना म्हाईत हाय."

"मग जाऊ दे त्याला फुटून?"

"फुटू दे. खोटा ऱ्हान्यापक्षी फुटला बरा."

आणि तिने बादलीत ब्रश बुडवला. मी रागाने म्हटलं, उद्या उडणाऱ्या दगडाला आज चुना कशाला? तेव्हा ती वळली. "मानूस गेला तरी त्याला अंघोल घालताव का नाय?" सुमन रडायला लागली. मी खालचा अर्धा भाग घेतला. त्या दिवशी तिने धोंडा असा रंगवला की डोळे दिपत होते. मुकादम टोपी काढून लांब उभा होता.

दुसऱ्या दिवशी कडा गेला. ती कट्ट्यावर पापलेटं मांडत होती. कुणीतरी येऊन सांगितलं. ती म्हणाली, "बरा," आणि गिऱ्हाइकाशी भावावरून अशी भांडली की तो न घेताच पळाला.

पुढच्या शिमग्याच्या जरा आधी नाखवीण गेली. झोपेत गेली. भांडायला कुणी समोर नव्हतं, नाहीतर गेली नसती. दहाव्याला खाडीकाठी तिच्या दोन्ही मुलांची डोकी मी केली. थोरला मान खाली घालून बसला होता. मधेच त्याने सवयीने डोंगराकडे बघितलं. तिथे आता नुसती तांबडी खरवड. म्हणाला, "काका, बरं झालं. आता जाळंच नाही, तर खूण काय करायची?" माझा वस्तरा त्याच्या कानामागे होता. मी त्याची मान पुन्हा खाली केली.

पिंड ठेवले. कावळा शिवत नाही तोवर गेलेल्याची काय इच्छा राहिली ते ओळखून वचन द्यायचं असतं. सगळे तयारीत होते. थोरला धाकट्याच्या लग्नाचं बोलणार होता, सून घराचं. मीसुद्धा एक वचन तोंडात धरून पुढे सरकलो होतो. पण कुणी तोंड उघडायच्या आत कावळा आला आणि पिंड घेऊन गेलासुद्धा. बाईने कुणाच्या वचनाची वाट बघितली नाही.

म्हणजे मला कुणी बांधलेलं नव्हतं. नवस नाही, शब्द नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण नंतर लोक माझ्याबद्दल म्हणाले, गणपतने म्हातारीला वचन दिलं होतं. खोटं आहे ते. ती मागणाऱ्यांतली नव्हती आणि मी देणाऱ्यांतला नव्हतो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सलूनला सगळ्यात जास्त गर्दीचा वार. बाकड्यावर माणसं येऊन बसायच्या आत मी दुकानाला फळी लावली, सुमनला हाक मारली, चुन्याची बादली उचलली आणि पुलावरून पलीकडे गेलो. खाणीच्या वर, कड्याच्या अगदी काठावर एक काळा खडक उरला होता, आधीच्यापेक्षा मोठा. तार मी स्वतःच वर उचलली. खालून मुकादम ओरडत होता, "अरे, आता कुणासाठी?" सुमनने त्याला काहीतरी उत्तर दिलं, ते मला ऐकू आलं नाही. मी तोवर चुन्याचा दुसरा हात मारायला घेतला होता.