आजारपणाची रजा

आम्ही पुण्याहून बंगलोरला आलो, कारण ह्यांना इथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअरची नोकरी लागली. मल्लेश्वरमला एका कानडी कुटुंबाच्या घराचा मागचा अर्धा भाग आम्ही भाड्यानं घेतला. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती, मुलगा तीनचा. मुलगा शाळेत जायला लागल्यावर मीही मुलींच्या एका शाळेत हिंदी शिकवायला लागले. हिंदी शिकवणारी माणसं इकडे तेव्हा कमी होती, त्यामुळे मला लगेच घेतलं.

हे सकाळी साडेसहाला कारखान्याच्या बसनं जायचे. माझी शाळा साडेसातला भरायची, मुलांची साडेदहाला. म्हणजे सकाळचे तीन तास मुलं घरात एकटीच. मुलगी भावाला वाढायची, त्याच्या शर्टाची बटणं लावायची, दाराला कुलूप घालून किल्ली पुढच्या घरी द्यायची. मी एक वाजता परत यायची. मुलं साडेचारला यायची, तोवर मी हिंदीच्या परीक्षांचे वर्ग घ्यायला बाहेर पडलेली असायची. दिवेलागणीला मी घरात शिरले की लगेच चूल, अभ्यास, जेवण, अंथरुणं. ह्यांचे रविवारही पुष्कळदा कारखान्यातच जायचे. मुलांशी बोलताना माझ्या तोंडी ‘आटप’ हा शब्द इतका असायचा, की मुलगी तो माझ्याच सुरात भावाला म्हणायची. मला त्याचं हसू यायचं.

मुलगा सात वर्षांचा असताना पावसाळ्याच्या अखेरीला त्याचा घसा दुखायला लागला. मी त्याला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या आणि शाळेत पाठवलं. त्याची परीक्षा होती, आणि माझ्याही शाळेत परीक्षाच होती. घसा बरा झाला. दोन-तीन आठवड्यांनी त्याचा गुडघा सुजला, मग दुसरा, आणि ताप उतरेना. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. ऱ्हुमॅटिक फीवर, असं त्यांनी सांगितलं. असा ताप घशापासून सुरू होतो आणि हृदयापर्यंत जातो. मुलाला काही महिने पलंगावरून उठू द्यायचं नाही, उभंसुद्धा राहू द्यायचं नाही. आम्ही दोघंही तिथंच उभे होतो. मुलगीही होती. तिच्याकडे तेव्हा कोणाचंच लक्ष नव्हतं.

मी शाळेतून चार महिन्यांची रजा घेतली. संध्याकाळचे वर्ग सोडले.

पहिले काही आठवडे भीतीत गेले. मग ताप उतरला, सांधे मोकळे झाले, आणि मुलाला अंथरुणात ठेवणं एवढंच काम उरलं. आणि मग, हे लिहितानाही मला बरं वाटत नाही, ते दिवस सुखाचे होऊ लागले. सकाळी ऊन खिडकीतून त्याच्या पांघरुणावर यायचं. मी त्याच्याजवळ बसून भाजी निवडायची. तो विचारील त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला वेळ असायचा. थंडीत अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा आल्या. इकडे त्यांचे दाणे भिजवून एकेक दाणा चिमटीत दाबतात, म्हणजे साल हातात राहते आणि आतली डाळ टुणकन बाहेर उडते. घरमालकीणबाईंनी, त्यांना आम्ही अक्का म्हणायचो, ते मुलाला शिकवलं. तो पलंगावर बसल्या बसल्या वाडगाभर दाणे सोलायचा आणि एखादा मुद्दाम माझ्या अंगावर उडवायचा. सात वर्षांत मी त्याच्याबरोबर एवढी हसले नव्हते.

मुलगी साडेचारला यायची तेव्हा आम्ही दोघं असे बसलेले असायचो. दिवसभर काय केलं म्हणून ती पहिल्यापहिल्यांदा विचारायची, आणि मुलगा सगळं रंगवून सांगायचा. पुढे तिनं विचारणं सोडलं. दप्तर ठेवायची, हातपाय धुवायची, मागच्या पायरीवर अभ्यासाला बसायची. तिचं ती सगळं करायची, याचं मला बरंच वाटायचं. मी ह्यांना म्हणालेसुद्धा, की पोरगी किती शहाणी झाली आहे.

डिसेंबरात एका सकाळी अक्का दूध द्यायला आल्या आणि दारातच थांबल्या. आमची भाषा अर्धी कानडी, अर्धी मराठी, उरलेली हातवाऱ्यांची. त्यांनी सांगितलं ते असं, की मुलगी रोज शाळेला निघताना मागच्या नळाखाली डोकं धरते, फ्रॉकचा गळाही भिजवते आणि तशीच ओली जाते. त्यांनी तिला दोनदा हटकलंही, तर ती ‘सरी अक्का’, म्हणजे ‘बरं अक्का’, म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बंगलोरची डिसेंबरची सकाळ म्हणजे आम्ही दोन दोन स्वेटर चढवत होतो.

त्या दिवशी ती घरी आल्यावर मी तिला मागच्या पायरीवर घेऊन गेले. रागावणार नाही, असं आधीच सांगितलं. मग नळाचं विचारलं.

ती म्हणाली, “घसा दुखायला हवा होता.”

“कशाला?”

“घशापासूनच सुरू होतं ना ते.”

तीच पुढे म्हणाली, “पण माझा दुखतच नाही, आई.” हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही. गणित येत नाही असं सांगावं तसं सांगितलं.

मी हे ह्यांना सांगितलं. पुढच्या रविवारी त्यांनी कारखान्याला सुट्टी सांगितली आणि मुलीला बसनं हेब्बाळच्या तळ्यावर घेऊन गेले. परत आल्यावर ते म्हणाले, की आपण दहा वर्षांच्या मुलीशी काय बोलायचं तेच आपल्याला ठाऊक नाही. “मी तिला पाढे विचारले,” म्हणाले.

मग मी ठरवलं. रोज साडेचारला तासभर अक्का मुलाजवळ बसायच्या आणि मी मुलीला घेऊन फिरायला जायची. पहिल्या दिवशी ती इतकी भरभर चालली, की मला तिच्यामागे जवळजवळ पळावं लागलं. हळू चल, म्हटल्यावर तिनं विचारलं, “वेळ झाली का परत जायची?” रोज दोन-तीनदा हेच विचारायची. मी नाही म्हटलं तरी तिचा विश्वास बसत नसावा. आम्ही घराजवळच्या एका तळ्याच्या बांधावर बसायचो आणि ती दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करायची.

तीनेक आठवड्यांनी तिनं एक गोष्ट सांगितली. नोव्हेंबरात शाळेत नाटुकलं बसवलं होतं आणि तिला राणीचं काम मिळालं होतं. घरून पांढरं पातळ आणायचं होतं. तिनं घरी मागितलंच नाही. तिसऱ्या दिवशी बाईंनी ते काम दुसऱ्या मुलीला दिलं. मी म्हटलं, अगं, माझ्या पेटीत दोन पांढरी पातळं आहेत, सांगायचं तरी. ती म्हणाली, “तू त्याला औषध देत होतीस.”

फेब्रुवारीत मुलगा उभा राहिला. चार पावलं चालला आणि आम्ही सगळे रडलो, तीही रडली. हृदयाची एक झडप कायमची दुबळी झाली होती. दर महिन्याला इंजेक्शन, पळायचं नाही, जिने चढायचे नाहीत. माझी रजा संपली. मी शाळेत गेले, मग वर्षभरानं पुन्हा वर्गही घ्यायला लागले. फिरणं आधी रविवारवर गेलं, मग महिन्यातून एकदा, आणि नक्की कधी बंद पडलं ते मला आठवत नाही. मुलीनं एकदाही आठवण करून दिली नाही. त्या हिवाळ्यात तिला साधी सर्दीसुद्धा झाली नव्हती, आणि पुढेही ती कधी आजारी पडली नाही.

ती बी.एस्सी. झाली आणि पुढच्या शिक्षणासाठी मुंबईला जायचं ठरलं, तेव्हा तिनं न मागताच मी आठवडाभराची रजा टाकली. तिला काय काय करून घालायचं याची मी मनात यादी केली होती. तिनं दुसऱ्याच दिवशी आपली ट्रंक भरून टाकली, कुठं काय ठेवलं याचा कागद आत डकवला आणि भावाच्या इंजेक्शनांच्या तारखा माझ्या वहीत नीट उतरवून दिल्या. मग ती हवापालटासाठी आलेल्या पाहुणीसारखी माझ्यासमोर बसली. मी तिला कॉलेजबद्दल विचारलं, तिनं उत्तरं दिली. माझ्या शाळेबद्दल तिनं विचारलं, मी सांगितलं. चहा झाला.

“आई, तू उगाच रजा घेतलीस,” ती म्हणाली. मला बरं वाटावं म्हणूनच तसं म्हणाली असेल.

गाडीला अजून पाच दिवस होते. ते आम्ही दोघींनी फार समजुतीनं काढले.