माझ्या वाट्याची बादली

लातुरात फिजिक्स शिकवणाऱ्या बाईला विमान शिकायची काय गरज, असं पुष्कळांनी विचारलं. गरज काहीच नव्हती. पंखावरचा दाब आणि पंखाखालचा दाब मी इतकी वर्षं फळ्यावर काढत आले होते, की ते बाण मला झोपेतही काढता आले असते. एकदा मागच्या बाकावरच्या पोरीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही बसलाव का कधी इमानात?" बसले नव्हते. मला त्या प्रश्नाचा रागच आला. त्याच आठवड्यात मी गावाबाहेरच्या धावपट्टीवर गेले आणि खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी नाव घातलं. माझी चाळिशी उलटलेली, एक गुडघा कुरकुरणारा, आणि सोबत शिकणारी पोरं माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची.

तिथे एक रीत होती. पहिल्यांदा एकट्यानं विमान उडवून नीट उतरवलं, की त्या माणसाच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतायचं. आता मी लातूरची. एका उन्हाळ्यात आमच्या गावाला रेल्वेनं पाणी आलेलं मी पाहिलंय. भाजी धुतलेलं पाणीसुद्धा आमच्याकडे कुंडीत जातं. फरशीवर ती बादली सांडली की मला ते बघवायचं नाही, आणि मी सगळ्यांसमोर बोलूनही दाखवायची. पण खरं सांगायचं तर त्याच वेळी मनात यायचं, माझी बादली कधी?

उडण्यात मला अडचण नव्हती. घोडं पेंड खायचं ते उतरताना. मी जमिनीवर विमान आपटायची, नाहीतर नाक फार वर करून हवेतच लटकत राहायची. उदगीरला राहणाऱ्या माझ्या आईला, अव्वाला, हे फोनवर सांगितलं, तर ती शांतपणे म्हणाली, "उतरता येत न्हाई तर चढावं कशाला?"

मग मी माझं हुकमी शस्त्र काढलं. लातूरचा पॅटर्न. म्हणजे तोच तोच पेपर इतक्यांदा सोडवायचा, की हात आपोआप चालला पाहिजे. धावपट्टीच्या अलीकडे एका ट्रॅक्टरवाल्याची लाल पत्र्याची शेड होती. ती पंखाखाली आली की इंजिन कमी करायचं. मग कुंपणाचा वाकडा खांब, मग पांढरा पट्टा, तिथे नाक उचलायचं. प्रत्येक खुणेला वेगाचा काटा किती असावा, तेही पाठ केलं. पंधरवड्यात माझं विमान फुलासारखं टेकायला लागलं. शिकवणारे सर लष्करातून निवृत्त झालेले, नांदेडचे, बोलायला कंजूष. तेही एकदा "हां" म्हणाले. मला वाटलं, झालं, आता बादली आलीच.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, चला, आज नांदेडला उतरू.

नांदेडची धावपट्टी आमच्यापेक्षा मोठी. तिच्याकडे खाली येताना मी लाल पत्रा शोधायला लागले. नांदेडला तो कुठला असायला? पट्टी समोर पसरत गेली, मला वाटलं जमीन आलीच, आणि मी कितीतरी उंचावर नाक उचललं. विमान थरथरलं. सरांनी कंट्रोल हातात घेतलं आणि अलगद उतरवलं. माझं पितळ उघडं पडलं होतं. त्यांनी आधी चहा मागवला, तो संपवला, आणि मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही विमान उतरवून न्हाई राहिल्या. पेपर सोडवून राहिल्या. असं असंल तर मी तुम्हाला एकटीला कधीच सोडणार न्हाई."

परतीच्या वाटेवर मी त्यांच्यावर धुमसत होते. पॅटर्ननं गरिबाघरची पोरं डॉक्टर झालीत आणि मी त्याला आजही नावं ठेवत नाही. पण माझा राग त्यांनी पॅटर्नला टोचलं म्हणून नव्हता. सरांचं बरोबर होतं, हेच झोंबत होतं.

त्यानंतर त्यांनी माझे हाल केले. वेगाच्या काट्यावर पुठ्ठा लावला. वाऱ्यानं परवानगी दिली की पट्टीच्या दुसऱ्या टोकानं उतरायला लावायचे, जिथे ना शेड ना वाकडा खांब. जवळच्या खुणा बघू नका, पट्टीचं पार लांबचं टोक बघा, जमीन वर येताना आपोआप कळते, एवढंच सांगायचे. मला काही कळत नव्हतं. विमान बेडकासारखं उड्या मारायचं. माझ्यामागून आलेली पोरं एकेक करून भिजून गेली, आणि मी कोरडीच. एकदा गाडीत बसून रडलेही. मग एका सकाळी टेकण्याच्या ऐन आधी पट्टीच्या दोन्ही कडा डोळ्यांच्या कोपऱ्यांतून वर येताना दिसल्या. हात कोणी न सांगता मागे आला, नाक उचललं गेलं आणि विमान अलगद टेकलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, इंजिन चालू असतानाच सर दार उघडून खाली उतरले. एक चक्कर मारून या, म्हणाले, आणि पाठ फिरवून चालायला लागले.

सरांचं वजन नसलेलं विमान चटकन वर चढलं. शेजारची सीट रिकामी. मी मोठ्यानं हसले, कारण ऐकायला कोणी नव्हतं. वळून पट्टीकडे खाली येताना सगळं छान जुळलं होतं, आणि तेवढ्यात एक कुत्रं कुंपणातून घुसून पट्टीच्या मधोमध जाऊन बसलं. हा प्रश्न कुठल्याच पेपरात नव्हता. मी पूर्ण ताकद दिली, नाक सावरलं आणि त्याच्या डोक्यावरून पुन्हा वर गेले. घाबरले का? घाबरायला सवड कुठे होती! दुसऱ्या फेरीत कोणीतरी त्याला हाकललं होतं. मी लांबच्या टोकाकडे बघत राहिले, कडा वर आल्या, आणि चाकं टेकल्याचा फक्त आवाज आला. थांबल्यावर लक्षात आलं, लाल पत्र्याकडे मी पाहिलंच नव्हतं.

ऑफिससमोर सर भरलेली बादली घेऊन उभे होते. पोरं मोबाईल काढून तयार. एकानं मुद्दाम विचारलं, मॅडम, पाणी वाया जाईल ना, अर्धीच ओतायची का? सगळे हसायला लागले. मी अंगणातल्या कडुनिंबाच्या आळ्यात जाऊन उभी राहिले. जे खाली पडेल ते झाडाला जाणार होतं.

"आता ओता सर," मी म्हणाले. "सगळी."