डाव्या सीटचं वजन

अंगणात गाडी जॅकवर चढली की चार माणसं जमतात, आणि चार माणसं जमली की अक्कल चाळीस जणांची निघते! त्यात बोल्ट गंजून जाम झालेला असला तर विचारूच नका. आमच्या सुकापूरच्या अंगणात एका पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत इतके किस्से साठले, की लोक अजून फाटकाशी थांबून म्हणतात, "तो दाताचा सांगा ना." सांगते. पण मग सगळे ऐकायचे. अर्ध्यात उठायचं नाही.

*

माझ्या नवऱ्याने बावीस वर्षं पनवेलला टॅक्सी चालवली. मग किडन्या गेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार खारघरला डायलिसिस. स्टिअरिंग माझ्या हातात आलं आणि हे डाव्या सीटवर बसायला लागले.

रस्ते डंपरांनी खाल्लेले, आणि आमच्या गाडीच्या पुढच्या चाकांचे बुश फाटलेले. चाक ज्या लोखंडी हाताने गाडीला जोडलेलं असतं, त्या सांध्यातलं रबर म्हणजे बुश. ते गेलं की खड्ड्याचा दणका सरळ सीटवर. ह्यांची हाडं आजाराने ठिसूळ झालेली. खड्डा आला की दरवाजाचं हँडल धरायचे आणि ओठ चावायचे. ओरडायचे नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

रिक्षा करून बघितली एकदा. ह्यांची बरगडी गेली.

गॅरेजवाल्याने खाली वाकून बघितलं. "काकू, बोल्ट जाम आहेत. गाडी चार दिवस ठेवून जा."

"चार दिवस? मग नवरा पण ठेवून जाते. त्याचं रक्त तूच धू!"

गाडी घरी आणली. शुक्रवारी डायलिसिस झालं की सोमवार सकाळपर्यंत गाडी मोकळी. तेवढ्या वेळात जे काय करायचं ते करायचं, आणि सोमवारी गाडी चाकावर पाहिजे म्हणजे पाहिजे.

*

पहिल्या शनिवारी माझा भाऊ बबन गव्हाणवरून आला. खाडीत त्याची बोट आहे. बोटीचं इंजिन उघडतो म्हणून स्वतःला इंजिनीअर समजतो.

"ताय, बाजूला हो. असले बोल्ट आमी दातानं काढतो!"

पान्याला चार फुटी पाइप लावला आणि त्यावर अख्खा लोंबकळला. पाना सटकला, पाइप फिरून तोंडावर आला. पुढचे दोन दात अंगणात!

हे ओट्यावर खुर्चीत बसले होते. त्यांनी दात बघितले. मग बोल्ट बघितला. बोल्ट जागचा हलला नव्हता.

"बबन," हे म्हणाले, "आता कशाने काढणार?"

*

पलीकडच्या घरातले युसूफभाई तीस वर्षं आखातात गॅरेजमध्ये होते. बबनचं तोंड सुजलेलं बघून आत आले.

"वहिनी, जोर लावू नका. लोखंड जिद्दी असतं. त्याला तेल पाजा आणि सब्र करा."

डिझेलमध्ये ब्रेक ऑइल मिसळून त्यांनी बाटली भरून दिली. सकाळ-संध्याकाळ बोल्टावर धार सोडायची, हातोडीने हलके टोले द्यायचे, झाकून ठेवायचं. विसरायला नको म्हणून मी वेळ बांधली. ह्यांची सकाळची गोळी, बोल्टाची सकाळची धार. ह्यांची संध्याकाळची गोळी, बोल्टाची संध्याकाळची.

ह्यांना पाणी मोजून. दिवसाला दोन पेले, त्यात गोळ्या पण आल्या. जास्त प्यायले की अंगात साचायचं, छातीत चढायचं. पेल्यावर मी खूण केली होती.

एका संध्याकाळी मी गाडीखालून बाहेर आले तर हे बाटलीकडे बघत होते.

"त्याला दोन वेळा पोटभर, आणि मला खुणेपर्यंत! पुढच्या जन्मी बोल्ट करा रे मला."

युसूफभाई हसले. बबन बोळक्या तोंडाने हसला. मी बाटलीचं बूच लावलं.

*

उजवीकडचा बोल्ट दुसऱ्या रविवारी फिरला. सगळ्यांनी आरडाओरडा केला. फिरला खरा, पण बाहेर येईना! बुशच्या आत एक लोखंडी नळी असते, ती गंजून बोल्टालाच चिकटलेली. बोल्टाबरोबर रबर पिळायचं आणि परत जागेवर यायचं. शेवटी मी लोखंड कापायचा ग्राइंडर घेतला आणि दोन्ही बाजूंनी कापून काढला.

नवीन बुश बसवला, नवीन बोल्ट घातला. बबनने लगेच पाना लावून करकचून आवळला. चाक अजून हवेत लोंबत होतं.

"खोला!" हे ओट्यावरून ओरडले. आजारात एवढा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"दाजी, बसला की मस्त!"

"हवेत आवळलास, शहाण्या! गाडी खाली उतरली की रबर पिळणार, महिन्यात फाटणार. चाकांखाली ठोकळे ठेव, वजन चाकावर येऊ दे. सीटवर रोजचं माणूस बसव. मग आवळ. बावीस वर्षं असंच केलंय मी."

उजवी सीट ड्रायव्हरची, म्हणजे माझी. मी बसले. गाडी बसली थोडी.

"थोडी?" हे म्हणाले. "ठोकळे रुतले जमिनीत!"

बबनने बोल्ट सोडला आणि परत आवळला. सोमवारी खारघरला जाताना उजवं चाक खड्ड्यात गेलं, काहीच आवाज नाही. डावं गेलं आणि ह्यांनी हँडल धरलं.

"डावीकडे मी बसणार," म्हणाले. "त्याचं वजन माझंच पाहिजे."

*

डायलिसिसला आत घेण्याआधी वजन करतात आणि बाहेर सोडताना करतात. जेवढं कमी, तेवढं पाणी काढलं. चिठ्ठीवर दोन आकडे लिहून देतात. ह्यांचं बाहेर येताना एकोणपन्नास ठरवून दिलेलं. पन्नास भरलं की माझ्याकडे बघायचे सगळे, मीच पाजलं म्हणून.

एकदा नर्सने माझे हात बघितले. "मावशी, हात धुऊन या."

"धुतलेलेच आहेत हे!"

नखांतलं काळं आठवडाभर निघत नव्हतं.

हे काट्यावर उभे होते. "लग्नात बहात्तर होतो," नर्सला म्हणाले. "बाकीचा नवरा कुठे ठेवला ते हिला विचारा."

*

डावा बोल्ट सैतान होता. पाच आठवडे तेल प्यायला. एका रविवारी सकाळी टोला दिला तर त्याचं डोकंच तुटलं. दुपारपर्यंत मी ग्राइंडर चालवत होते. ठिणगी पडून ओढणी जळाली, मनगट भाजलं. पण काढला! बुश बसवला, नवीन बोल्ट हाताने फिरवून घातला. चाकांखाली ठोकळे ठेवले, जॅक काढला, आणि ह्यांना हाक मारली.

"जरा पडतो," म्हणाले. "संध्याकाळी बसतो."

चार वाजता श्वास लागला. छातीत घरघर. युसूफभाई धावत आले. मी ह्यांना धरून ओट्यापर्यंत आणलं.

ह्यांनी अंगणात बघितलं. "गाडी नाही काढत?"

"बोल्ट नुसता हाताने लावलाय."

"मग नको," म्हणाले. "अशी चालवू नकोस."

अँब्युलन्सला फोन केला, तर तास लागेल म्हणाले. रिक्षा आली. खारघरपर्यंत खड्डे मी मोजले नाहीत, पण प्रत्येक खड्ड्याला ह्यांचा हात हँडल शोधत होता. रिक्षाला हँडल नसतं. मी मनगट दिलं. भाजलेलं.

दवाखान्याच्या दारात हात सुटला.

*

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी बबन अंगणात उभा राहून म्हणाला, "ताय, इकून टाक भंगारात. आता कोनाला न्यायचंय?"

"फाटक उघडं आहे," मी म्हणाले. "जायचं तर जा. थांबायचं तर ठोकळे बघ, नीट आहेत का."

युसूफभाई पाना घेऊन आलेच होते. गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "वहिनी, डावीकडे कोण बसणार?"

"मी बसतो की," म्हणत बबन आत बसला.

"तू ऐंशी किलोचा आहेस. उतर," मी म्हणाले.

शेजारी बिल्डिंगचं काम चाललंय. तिथून गोणीत रेती भरली, बबनच्या खांद्यावर दिली आणि नाक्यावर भंगारवाल्याकडे गेले. त्याचा काटा मोठा.

"काकू, रेती नाय घेत आपण."

"घेऊ नकोस. मोजून दे. एकोणपन्नास."

काटा पन्नासावर थांबला.

"घेऊन जा. एका किलोने काय होतं?"

"त्या एका किलोपायी मी ह्यांना पाणी दिलं नाही."

गोणीचं तोंड त्यानेच सोडलं आणि ओंजळीने रेती काढली. एकदा, दोनदा. काटा बघून अजून थोडी.

घरी येऊन मी पाना घेतला आणि गाडीखाली सरकले. वर दरवाजा उघडल्याचा आवाज आला, गोणी ठेवताना बबनचं कण्हणं, मग पट्ट्याचा खटका. डावं चाक किंचित खाली आलं. माझ्या डोळ्यांसमोर नवीन बुशचं रबर दबलं.

"बसले का?" मी खालून विचारलं.

वर दरवाजा लागला.

"बसले, वहिनी," युसूफभाई म्हणाले. "आवळा."